मांजारेचं कूळ

दाजी, सुटलात एकदाचे. हे सगळेच बोलतात, पण दबक्या आवाजात, आणि बोलून झालं की लगेच डोळ्याला पदर नाहीतर उपरणं लावतात. मी मोठ्यानं बोलतो. तुम्ही सुटलात, आणि खरं सांगायचं तर आम्हीही सुटलो. घशातल्या त्या गाठीनं दिवाळीपासून तुमचे जे हाल केले ते बघवत नव्हते. घोटभर पेज उतरायला अर्धी सकाळ जायची, आणि उतरली की तुम्ही आंबेनळीचा घाट चढून आल्यासारखे दमून पडायचात. तुम्ही गेल्याचा निरोप आला तसा मी महाडहून निघालो, वाडीवर पोचलो, तुमचं तोंड पाहिलं. पहिल्यांदा काय वाटलं सांगू? वाटलं, बरं झालं, आता ह्या माणसाला कोणी पेज पाजणार नाही. रडू त्यानंतर आलं, आणि चांगलंच आलं.

काल तुमचा दहावा झाला. त्याचंच मला सांगायचं आहे, कारण नदीवर तुम्ही जे केलंत ते तुमच्याशिवाय दुसरा कोणी करणार नाही. पण थांबा. गोष्ट मधेच तोडून शेवट विचारायची तुमची खोड मला ठाऊक आहे. या खेपेला जरा गप बसा आणि मी सांगतो तसं ऐका.

आधी आक्काचं सांगतो. माझी सख्खी थोरली बहीण ती. लग्न होऊन आमच्या नाते गावाहून तुमच्या वाडीला निघाली तेव्हा मी तिचा पदर धरून गावाच्या वेशीपर्यंत भोकाड पसरलं होतं, आणि तुम्ही मुंडावळ्यांतून माझ्याकडे बघून डोळा मिचकावला होतात. त्या आक्कानं तुमच्या पाठी एकच वाक्य धरलं. बायका भेटायला यायच्या, गळ्यात पडायच्या, आणि ती म्हणायची, "उपाशी गेले गो. माझ्या हातचा घास नाय गेला पोटात." तुम्हाला पेज चालू झाली तेव्हापासून तीही पेजेवरच होती, हे तुम्हाला माहीत होतं का? नसावं. तुमच्यासमोर ती पितळी घेऊन बसायची, आणि तुमचा डोळा लागला की त्यातली भाकरी म्हशीपुढे टाकायची. तुम्ही गेल्यावरही तेच. शेजारणी दुरडी भरून भाकऱ्या आणून ठेवत होत्या आणि ही बाई पेज पिऊन भिंतीला टेकून बसत होती. हाताच्या काड्या झाल्या. पहिल्या दोन दिवसांतच मला कळलं, की दाजी तर गेले, पण आता बहीणही हातची जाते.

म्हणून कालच्या कावळ्यावर सगळं येऊन ठेपलं होतं. कावळा शिवला, तर तृप्त गेले असं तिला सांगता येणार होतं. नाही शिवला, तर ती जन्मभर त्या पेजेतून उठणार नव्हती. मी शाळामास्तर, कावळ्याचं मी मानतो की नाही हे मला विचारू नका. मी मानलं नसतं तरी आक्का मानत होती.

आता त्या शब्दाकडे येतो. तो टाळून तुमच्याबद्दल काय बोलणार?

तुम्ही तरुणपणी वाडी सोडून मुंबईला गेलात, गोदीत राबलात, आणि कोण कुठल्या इटालियनांच्या आगबोटीवर चढलात. आधी खाली कोळशाच्या भट्टीपाशी, मग वर स्वयंपाकघरात. ऐन उमेदीची वर्षं तुम्ही एडन आणि सुएझच्या मधे भांडी घासत आणि कांदे कापत काढलीत. परत आलात ते एक लोखंडी ट्रंक, एक लोकरीची टोपी आणि तोंडात मूठभर इटालियन घेऊन. ट्रंक गंजली, टोपी तुमच्या पोरानं, सखारामनं, मुंबईला नेली, पण इटालियन काही सुटलं नाही. भाताच्या आवणीच्या दिवसांत दुपारी आक्का डोक्यावर दुरडी घेऊन बांधावर आली की तुम्ही चिखलातूनच हात उंच करून आरोळी ठोकायचात: "आ मांजारे!" चला जेवायला. आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरचे गुराखीसुद्धा पंचा झटकून उठायचे. पोरांना त्यात मांजर ऐकू यायचं आणि ती खिदळायची. आक्का म्हणायची, "म्लेंच्छांचा शब्द अन्नावर कशाला ओ?" आणि तुम्ही तिच्याच हातची भाकरी घेऊन बसायचात.

नाचणीची भाकरी. तिचा मधला मऊ भाग तुम्ही कालवणाला लावायचात, आणि तव्याला लागून करपलेला काठ शेवटाला ठेवायचात. मग तो नुसता, कोरडा, डोळे मिटून चावायचात. काय तो आवाज! पडवीत बसलेल्या पाहुण्याला वाटावं आत कोणी सरपण फोडतंय. मी म्हणायचो, दाजी, चार माणसांत बसून असं खातात का? तुम्ही म्हणायचात, "मास्तर, गिळतो तो साप. मानसानं चावावं."

भांडण तिथूनच सुरू झालं. मी तेव्हा नुकता शिकून महाडच्या शाळेत लागलो होतो. नांगर धरणाऱ्या घरातला पहिला संस्कृत शिकलेला पोरगा. माझ्या डोक्यात इतकं संस्कृत भरलं होतं की मला रस्त्यातल्या दगडातही धातू दिसायचे. तुम्ही म्हणालात, ह्या मांजारेचं मूळ म्हणजे चावणं. बोटीवरच्या म्हाताऱ्या मुख्य आचाऱ्यानं सांगितलं होतं तुम्हाला. तो म्हणे लहानपणी पाद्र्यांच्या शाळेत होता आणि तिथून पळाला होता. मी म्हटलं, छे! जगातले सगळे चांगले शब्द आपल्याकडून गेलेत. बसल्या बसल्या मी 'भुज्' धातू काढला, भुंजेचं मुंजे केलं, मुंजेचं मांजे केलं, आणि पुढे रे लावून तुमच्या हातात दिलं. तुम्ही भाकरी चावत ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "मास्तर, तुझं संस्कृत लय भारी हाय, पन ते कधी बोटीवर जेवलंय काय?"

मला अस्सा राग आला होता!

मग काय, सोयरीक जमवताना मुलाचं कूळ काढतात, देवक विचारतात, आजोळ कुठलं ते बघतात, तसं आपण त्या एका शब्दाचं काढत बसलो. मी सणावाराला वाडीवर आलो की विषय तोच. गणपती असो, शिमगा असो, सखारामचं लग्न असो. सखारामच्या लग्नात तर हळदीच्या दिवशी आपण दोघं मांडवाच्या खांबाला टेकून भांडत होतो आणि वरमाय असलेली आक्का येऊन म्हणाली, "सुनेची कुळी एवढी बघितली नाय, तेवढी तुम्ही त्या मेल्या शब्दाची बघताय."

पण दाजी, ते भांडण माझ्यासाठी नुसतं शब्दाचं नव्हतं, हे तुम्हाला कळलं असणार. तुम्हाला सगळंच कळायचं, फक्त तुम्ही बोलून दाखवायचा नाहीत. अन्न म्हणजे पूर्णब्रह्म, जेवण म्हणजे यज्ञ, असं मी शिकून आलो होतो आणि तेच पोरांना शिकवत होतो. आमच्या घरात तर जेवण म्हणजे चिखलाच्या हातांनी बांधावर बसून चार घास कोंबणं. त्यातून वर यायला मला ते मोठे शब्द लागत होते. आणि तुम्ही म्हणत होतात की साऱ्या इटलीत, राजापासून हमालापर्यंत, जेवणाला जो शब्द आहे त्याच्या मुळाशी फक्त दात आहेत. मला ते सहन होईना. तुम्ही मला पुन्हा त्या बांधावर बसवताय असं वाटायचं.

मग तुमचा घसा दुखायला लागला. पोलादपूरच्या वैद्यानं काढे दिले, आक्कानं हळद-मध दिला, आणि शेवटी दिवाळी झाल्यावर मी तुम्हाला मुंबईला घेऊन गेलो. सकाळी इस्पितळात डॉक्टरनं तुमच्या घशात आरसा घालून बघितलं, मला बाजूला घेतलं आणि जे सांगायचं ते सांगितलं. मी बाहेर आलो. तुम्ही बाकावर बसला होतात. तुम्ही माझं तोंड बघितलंत. म्हणालात, "मास्तर, आता आलोच हाय मुंबैला, तर कालेजातल्या एकाद्या पाद्र्याला इचारून टाकू. एकदाचा निकाल लागंल."

माझ्या एका जुन्या सोबत्याच्या ओळखीनं गाठलेला तो पाद्री, लॅटिन शिकवणारा, इटालियनही जाणणारा, पिकल्या दाढीचा. मी इंग्रजीत प्रास्ताविक जुळवत होतो तोवर तुम्ही दोघं इटालियनमध्ये सुरूसुद्धा झालात, आणि मी मधे लग्नातल्या न बोलावलेल्या पाहुण्यासारखा बसून राहिलो. तुमच्या बसलेल्या आवाजातही काय रंग चढला होता! तो म्हातारा मांडीवर थापा मारत होता. मग त्यानं मला समजावून सांगितलं, आणि मी ते तुम्हाला पुन्हा मराठीत सांगितलं, कारण तुम्हाला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

आचारी खरा निघाला, दाजी. जुन्या रोमन लोकांचा जेवणाचा शब्द होता एदेरे. घरंदाज शब्द, पोथीतला. पण लहान, आखूड, बोलताना सटकणारा. आणि बाजारात, छावणीत, धक्क्यावर लोक म्हणायचे मांदुकारे. म्हणजे चावणं, चघळणं, दातांखाली धरणं. त्यांच्या जत्रेतल्या खेळांत एक सोंग असायचं म्हणे, भलामोठा जबडा कडाकडा वाजवत लोकांच्या अंगावर येणारं, त्याचंही नाव ह्याच चावण्यावरून. तुम्ही लगेच म्हणालात, "म्हंजे आपल्या शिमग्यातल्या सोंगावानी!" आणि पाद्र्याला उठून करून दाखवलंत. घशात गाठ, आणि तुम्ही त्या पाद्र्याच्या खोलीत जबडा वाजवत नाचत होतात. मला हसू यावं की काय यावं तेच कळेना.

पण म्हाताऱ्यानं मलाही उपाशी ठेवलं नाही. तो म्हणाला, तो जो घरंदाज एदेरे, तो तुमच्या संस्कृतातल्या 'अद्' धातूचा सख्खा भाऊ. ज्या अद् पासून आपलं अन्न आलं, तोच. मी खुर्चीतून अर्धा उठलो. पण तो भाऊ तिकडे मेला, पाद्री म्हणाला. हमालांचा शब्द उरला आणि राज्य करायला लागला.

आणि मग त्यानं ती तिसरी गोष्ट सांगितली, जिच्यावरून आपलं नवंच भांडण जुंपलं. मांदुकारेचा इटलीतला घरचा वंशज होता मानिकारे. तो मागे पडला. तुमचं लाडकं मांजारे हे फ्रान्समधून आलं. फ्रेंच लोकांनी तो जुना शब्द तोंडात घोळवून घोळवून त्याला मऊ केलं, आणि इटालियनांनी तो शेजाऱ्याच्या घरून आपल्या घरात आणला. तुमचा चेहरा पडला. तुम्ही पाद्र्याला तोंडावर सांगितलंत की हे काही मी मानणार नाही.

परतीच्या बोटीत आपण वरच्या अंगाला बसलो होतो. बाणकोटच्या खाडीत शिरलो, दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ आले, तेव्हा तुम्ही विचारलंत, "डाक्टर काय बोलला?" मी सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं. तुम्ही पाण्याकडे बघत राहिलात. म्हणालात, "म्हंजे चावायचं बंद होनार." आणि तुम्हीच माझ्या गुडघ्यावर हात मारलात. "बरं, ते ऱ्हाऊ दे. घरच्या चुलीवरचा शब्द कोन भायेरनं आनतो काय रे? तुझा पाद्री फसला." मी म्हटलं, का नाही? तुमच्या कालवणात बटाटा असतो, त्याचं नाव कुठलं? फिरंग्यांचं. पाव कुठला? तुम्ही म्हणालात, बटाटा येगला, खानं येगलं. दासगावचा धक्का येईपर्यंत आपण तेच भांडत होतो, दाजी, आणि मी तुम्हाला मनातल्या मनात हात जोडत होतो. त्या दिवशी मला भांडायला लावून तुम्ही रडण्यापासून वाचवलंत.

त्यानंतरचं एक मात्र तुम्हाला सांगायचं राहून गेलं. शाळेत परत गेल्यावर एका दुपारी वर्गाला पाठ करायला बसवून मी संस्कृतचा कोश उघडला. मनात आलं, त्यांच्याकडे अद् चा भाऊ मेला, मग आपल्याकडे काय झालं? आपण कुठे 'अद्' म्हणतो? आपण म्हणतो 'खाणे'. ते आलं 'खाद्' पासून. आणि खाद् ह्या धातूपुढे पहिलाच अर्थ काय दिला होता? चावणे. दातांनी तोडणे. दाजी, त्यांचं आणि आपलं एकच झालं होतं! आपल्याकडेही पोथीतला अद् अन्नात जाऊन बसला, आणि बांधावर, चुलीपाशी, धक्क्यावर चावणाऱ्यांचा शब्द उरला. तुम्ही जे भाकरीचा काठ चावत मला सांगत होतात ते माझ्याच कोशात, माझ्याच संस्कृतात, इतकी वर्षं लिहिलेलं होतं. मी एकटाच मोठ्यानं हसलो. पोरं पाठ करायची थांबली.

शनिवारी धावत वाडीवर आलो तुम्हाला सांगायला. आलो तर तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात आणि आक्का तुम्हाला चमच्यानं पेज भरवत होती. त्या आठवड्यातच भाकरी बंद झाली होती. करपलेला काठ सोडाच, मऊ भातही अडकत होता. तुम्ही माझ्याकडे बघून भुवई उडवलीत, म्हणजे बोल मास्तर, काय आणलंस आज. आणि मी काय सांगणार होतो? की खाणं म्हणजे चावणं? ज्याला चावता येत नाही त्याला? मी म्हटलं, काही नाही, सहज आलो. पुढच्या प्रत्येक शनिवारी तेच. आपण पावसाबद्दल बोललो, कशेडीच्या रस्त्याबद्दल बोललो, सखारामच्या गिरणीबद्दल बोललो. मांजारेचं नाव ना तुम्ही काढलंत ना मी. तुम्ही जिंकला होतात आणि ते तुम्हाला सांगायची सोय उरली नव्हती.

तर आता दहावा. सकाळी आम्ही खाली सावित्रीवर गेलो. ऊन तापायच्या आत भटजींनी सगळं उरकलं, सखारामनं पिंड केले, पान मांडलं आणि आम्ही सगळे मागे सरून उभे राहिलो. पलीकडे उंबरावर कावळे होते. चांगले भरपूर. एकही उतरेना.

मग नेहमीचं सुरू झालं. सखाराम पुढे झाला, "बाबा, आयेला मी अंतर देनार नाय." कावळे बसून राहिले. तुमचे चुलतभाऊ म्हणाले, बांधाचा वाद आम्ही सोडला. कावळ्यांनी तिकडे बघितलंही नाही. गावकीतल्या एकानं देवळाच्या छपराचं कबूल केलं, दुसऱ्यानं म्हशीच्या वैरणीचं. मी मनात म्हटलं, अहो, ह्या माणसाला म्हशीचं काय पडलंय? एक कावळा खाली आला, पानाभोवती दोन उड्या मारल्या, मान तिरकी करून बघितलं आणि परत उंबरावर. ऊन चढत होतं. सखारामचं तोंड उतरलं. भटजी दर्भाच्या काड्या हातात घेऊन कावळा वळायला बसले, म्हणजे खरा नाही तर गवताचा तरी. माझ्या डोळ्यांपुढे आक्का उभी राहिली. तिला गवताचा कावळा कसा सांगणार होतो मी?

मी पानाजवळ गेलो. काय काय वाढलंय ते पहिल्यांदा नीट बघितलं. मऊ भात, अगदी लगदा केलेला. साय. कुस्करलेलं केळं. पातळ खीर. आणि वाटीत, दाजी, पेज. शेजारणींनी विचारलं असणार, त्यांना काय आवडायचं, आणि आक्कानं सांगितलं असणार, ह्यांना मऊ लागतं. इतके महिने ती रोज तेच शिजवत होती. तिच्या हाताला दुसरं ठाऊकच राहिलं नव्हतं. आणि आम्हा एवढ्या जणांत एकालाही चुकीचं वाटलं नाही. तुमची गाठ तुमच्याबरोबर जळून गेली, आणि तरी आम्ही तुम्हाला आजारीच ठेवलं होतं.

अहो, मला हसूच फुटलं. भटजींना वाटलं मास्तरांना ऊन लागलं. मी मागे वळून बघितलं. धाकूबाबा, तुमचा शेजारी, तिथूनच परस्पर रानात जायला निघालेला, काखेत फडक्यात बांधलेली भाकरी. मी म्हटलं, "बाबा, भाकरी कसली?"

"नाचनीची. शिली हाय, मास्तर."

"द्या इकडे."

भटजी म्हणाले, "अहो मास्तर, शिळी भाकरी पिंडापाशी? ह्याला शास्त्र काय?"

"शास्त्र मी नंतर काढून देतो. आधी माझ्या दाजींना चावू द्या."

भटजींनी कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही. मी भाकरीचा करपलेला काठ मोडला. मोडताना तो कडाडला. पेजेची वाटी उचलून मी बाजूला ठेवली आणि तिच्या जागी काठ ठेवला. सगळे ऐकत होते, पण मी तुमच्याशी बोललो. म्हटलं, दाजी, राहिलेलं सांगतो. मी कोश बघितलाय. आपलं खाणंही चावण्यातूनच आलंय, माझ्या संस्कृतातूनच. तुम्ही म्हणत होतात तेच खरं. आता तुम्हाला काही झालेलं नाही. दात आहेत, घसा आहे. घ्या.

मागे सरून मी पुरता वळलोही नव्हतो. उंबरावरून एक कावळा सरळ खाली आला, पिंडाकडे बघितलंही नाही, काठ उचलला आणि नदीतल्या खडकावर जाऊन बसला. पायाखाली धरून त्यानं तो असा फोडला, असा फोडला, की इकडे आम्हाला ऐकू आलं. मग परत येऊन पिंडाला चोच लावली, आणि त्याच्या मागून बाकीचे सगळे उतरले. "शिवला, शिवला" म्हणून सखाराम माझ्या गळ्यात पडून रडला. भटजींनी दर्भाच्या काड्या नदीत टाकल्या. धाकूबाबा उरलेल्या भाकरीकडे बघत म्हणाला, "मंग मी खाऊ ना ही?" आम्ही सगळेच हसलो. दहाव्याला असे हसलेले लोक सावित्रीनं कधी बघितले नसतील.

वाडीवर चढून येताना मला इतकं हलकं वाटत होतं की मी वाटेत तुमच्याशी फ्रान्सचं भांडण पुन्हा काढलं. ते मी सोडणार नाही, दाजी. पाद्रीच खरा. पण आता घाई नाही. तुम्हाला त्रास नाही, मला शनिवार मोजायचे नाहीत. मी येईन तेव्हा येईन, मग आपण दोघं बसू.

आक्का दारात उभी होती. सकाळपासून तशीच असणार. सखारामकडे तिनं बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. तिचा आवाज इतका बारीक होता की मला तिच्या ओठांवरून कळलं.

"खाल्लानी?"

मी म्हटलं, "खाल्लानी नाय, आक्का. चावलानी."

ती वळली. आत गेली. मी पाय धुऊन पडवीत टेकलो, आणि आतून आवाज आला. मला वाटलं कोणी सरपण फोडतंय. डोकावून बघितलं तर आक्का दुरडीपाशी बसली होती, डोळे मिटून, भाकरीचा करपलेला काठ चावत.